परतवारीचा पाठ

सज्जनहो, आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरचा काला वाटला जातो, आपण गावी परततो, आणि वेशीवरच कोणी तरी विचारतो, "काय बुवा, झाली का वारी?" आपण हात जोडून म्हणतो, "झाली माउली." या 'झाली' शब्दाचा विचार आज करावयाचा आहे. वारी खरोखर केव्हा होते? चंद्रभागेत स्नान झाले म्हणजे? कळसाचे दर्शन झाले म्हणजे? की घराच्या उंबऱ्यात पाऊल पडले म्हणजे? प्रश्न साधा दिसतो, पण दरवर्षी किती तरी माळकरी माणसे त्याच्यापाशीच अडखळतात. म्हणून हा पाठ.

१. शब्दाचा अर्थ

वारी म्हणजे येरझार. जाणे आणि येणे मिळून ती एक. नुसते जाणे म्हणजे प्रस्थान. काशीला जाऊन तेथेच देह ठेवावा अशी इच्छा धरणारे पुष्कळ असत, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. वारकऱ्याचे तसे नाही. त्याला परत यावेच लागते, कारण परतला नाही तर पुढच्या वर्षी निघायचे कोठून? आपला संप्रदाय गृहस्थांचा. शेत, दुकान, मागावरचे सूत, चाकावरचे मडके, लेकरेबाळे, देणेघेणे, हे सगळे मागे ठेवून माणूस निघतो आणि त्याच सगळ्यांत परत येतो. तेव्हा घर ही वारीतली शेवटची मुक्कामाची जागा होय. ती गाळली तर वारी अर्धीच राहिली.

२. पालखी कशी परतते

पालखीकडे पाहिले म्हणजे हे अधिक उमगते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरीत पोचते. सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट, सतरा-अठरा दिवसांची. लाखो माणसे बरोबर. रिंगणे होतात, धावा होतो, गावोगावी रांगोळ्या पडतात, पंगती उठतात. हे सारे आपल्या परिचयाचे आहे.

पण पौर्णिमेच्या काल्यानंतर हीच पालखी परत फिरते, याची आठवण किती जणांना असते? तेवढीच वाट ती दहा दिवसांत चालते आणि आषाढ वद्य दशमीला आळंदीत येते. तुकोबारायांची पालखी वद्य एकादशीला देहूस पोचते. परतीला मुक्काम लांबलांब पल्ल्यांचे, माणसे थोडी, गाजावाजा नाही, रिंगणाचा सोहळा नाही. पाऊस असतो, चिखल असतो, टाळ असतो. शेगावहून श्रीगजानन महाराजांची पालखी महिनाभर चालून पंढरीला जाते, तीही पायीच परतते.

आता पहा, जुन्या माणसांनी हे दहा दिवस उगीच ठेवले नाहीत. जाताना माणूस गर्दीत मिळत जातो, येताना गर्दीतून हळूहळू सुटत जातो. आज शंभर माणसे आपापल्या वाटेने गेली, उद्या पन्नास गेली, असे करीत करीत तो एकटा होतो, आणि तोवर त्याचे गाव आलेले असते. मनाला वळण घ्यायला वेळ मिळतो.

आज आपण काय करतो? काला झाला की स्टेशन गाठतो. नागपूर, अमरावती, खामगाव या बाजूंना आषाढीच्या विशेष गाड्या सुटतात, एस.टी. आहे, खासगी गाड्या आहेत. पायांनी तीन आठवड्यांत जे अंतर मिळवले ते एका रात्रीत मागे पडते. गाडीने येण्यात पाप नाही. शेतकऱ्याला घाई असते, म्हाताऱ्याचे गुडघे धरलेले असतात. पण देह सकाळी घरी पोचतो आणि मन अजून वाखरीच्या तळावर असते, त्याचे काय करावे? हाच पुढचा प्रश्न.

३. मोहर्लीच्या वारकऱ्याचे उदाहरण

उदाहरणाला चंद्रपूर जिल्ह्यातील मोहर्ली घेऊ. भद्रावती तालुक्यातले हे गाव इरई धरणाच्या जलाशयाच्या काठी, ताडोबाच्या दारात वसलेले आहे. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९५ साली ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. येथून पंढरी सहाशे किलोमीटरांहून अधिक. दिवसाला पंचवीस किलोमीटर चालले तरी एका बाजूला चोवीस-पंचवीस दिवस हवेत. म्हणून झाडीपट्टीतला वारकरी बहुधा रेल्वेने किंवा एस.टी.ने आळंदी-देहू गाठतो, पालखीबरोबर चालतो आणि गाडीनेच परततो.

अशा दोन वारकऱ्यांची कल्पना करा. एकाची धानाची शेती. मिरगाचा पाऊस पडला की त्याने पऱ्हे टाकले आणि माळ घालून निघाला. धानाचे पऱ्हे तीन-चार आठवड्यांत रोवणीला येतात. उशीर झाला तर फुटवे कमी फुटतात आणि पीक बसते. आषाढी कधी जूनच्या अखेरीस येते, कधी जुलैच्या अखेरीस. हा परत येतो तो नेमका अशा वेळी की बांधीत पाणी साचले आहे, चिखलणी व्हायची आहे, रोवणीला बायामाणसे मिळत नाहीत, आणि कोणाच्या तरी वावरात सकाळी सहालाच हजर व्हायचे आहे.

दुसरा पर्यटकांच्या गाडीवर चालक आहे, किंवा वाटाड्या आहे. ताडोबाचा गाभा १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत पर्यटकांना बंद असतो. बफरमध्ये थोडीफार ये-जा चालते, पण काम कमीच. म्हणून त्याला वारी करायला सवड मिळाली. तो परतला की घरी पावसाची धार, हाताला काम नाही, आणि गाभ्याचे दार उघडायला अजून दोन-अडीच महिने.

एकावर काम कोसळते, दुसऱ्याला रिकामपण खाते. दोघांची तक्रार मात्र एकच निघते: "घरी मन लागत नाही हो!"

४. मन का लागत नाही

ही तक्रार आपल्यातलीच आहे असे नाही. स्पेन देशात सांतियागो म्हणून ख्रिस्ती लोकांचे क्षेत्र आहे. शेकडो वर्षांपासून तेथे लोक पायी जातात. पूर्वीच्या काळी ते पायीच परतत. आज बहुतेक जण विमानाने किंवा आगगाडीने परततात. अमेरिकेत अॅपलेशियन नावाच्या डोंगररांगेतून सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांची पायवाट आहे; पाठीवर बोचके घेऊन ती पाच-सहा महिने चालणारे लोक आहेत. त्यांच्यातलेही कित्येक सांगतात की चालण्यापेक्षा घरी परतून बसणे अवघड गेले. देव वेगळा, देश वेगळा, पण माणसाचे मन तेच.

कारण शोधू गेल्यास ते फार गूढ नाही. दिंडीत उठायची वेळ ठरलेली असते. कोठे थांबायचे, केव्हा जेवायचे, कोणी कोठे चालायचे, हे चोपदार आणि दिंडीचे मालक पाहतात. दिवसाला एकच काम: पुढच्या मुक्कामाला पोचणे. ते संध्याकाळी पुरे होते आणि झोप लागते. वाटेत जो भेटेल तो 'माउली' म्हणतो, पाया पडतो. घरी आल्यावर शंभर कामे, त्यांतले एकही पुरे होत नाही. सोसायटीचे कर्ज, मुलाची फी, भावकीची कुरबुर. आणि 'माउली' म्हणणारा कोणी नाही, हाक येते ती "अरे ए!" अशी. माणसाला वाटते, देव पंढरीतच राहिला. माउलींनो, देव कोठे जात नाही. मागे राहिली ती दिवसाची शिस्त, आणि माणसामाणसांतला आदर. या दोन गोष्टी पिशवीत घालून घरी आणता येतात. बुक्का, चुरमुरे, बत्तासे आपण आणतोच, मग याच का विसराव्यात?

येथे धानाचाच दृष्टांत घ्यावा. पऱ्ह्यात रोपे दाटीने वाढतात, एकमेकांच्या आधाराने हिरवीगार दिसतात. ती उपटून बांधीत एकेक चूड वेगळी लावली की पहिले काही दिवस पिवळी पडतात, माना टाकतात. म्हणून शेतकरी घाबरत नाही. तो पाणी राखतो, धुरा फुटू देत नाही. आठ-दहा दिवसांत रोप मूळ धरते आणि मग खरे फुटवे येतात. पऱ्ह्यातच राहिलेल्या रोपाला लोंबी येत नाही. दिंडी हे पऱ्हे, आणि घर ही बांधी. परतल्यावर चार दिवस मन पिवळे पडले तर भक्ती वाळली असे समजू नये. पाणी मात्र तुटू देऊ नये.

५. घरी राहिलेल्यांची वारी

आता या पाठातला सर्वांत अवघड भाग. आपण चालत होतो तेव्हा घरी कोण होते? गुरांना वैरण कोणी घातली? पऱ्ह्यावरचे पाखरू कोणी हाकलले? रात्री वासराने हंबरडा फोडला तेव्हा कंदील घेऊन दार कोणी उघडले? मोहर्लीसारख्या गावात हा प्रश्न काही शोभेचा नाही. रानाला लागून वावर, वाघाचा वावर, रानडुकरांचा त्रास. या जिल्ह्यात दरवर्षी माणसे वाघाच्या तावडीत सापडून जिवाला मुकतात. तीन आठवडे ज्या बाईने एकटीने घर राखले, ज्या म्हाताऱ्याने माचणावर रात्री काढल्या, त्यांनी आपली अर्धी वारी केली. त्यांनी धुरा सांभाळला म्हणून आपल्याला भगवी पताका धरता आली.

आणि घडते काय? वारकरी दारात येतो, घरची माणसे त्याचे पाय धुतात, शेजारी पाया पडतात, तो खाटेवर बसून रिंगणाच्या गोष्टी सांगतो. घरधनीण चहा टाकते, पाणी तापवते, आणि तशीच उन्हापावसात रोवणीला निघते. चार दिवसांनी तिच्या तोंडून एखादा कडू शब्द निघतो. मग हा म्हणतो, "मी वारी करून आलो आणि घरात ही कटकट!" कटकट तिची नाही हो. आपण वारीतली सावली घेऊन आलो आणि ऊन तिच्याकडेच ठेवले.

म्हणून पहिला नियम: परतल्यावर आपल्या पाया कोणी पडण्याआधी आपण घरी राहिलेल्यांना हात जोडावे. आधी त्यांचे ऐकावे, मग आपले सांगावे. वाटेवर लहानथोर, स्त्रीपुरुष, जातपात न पाहता एकमेकांच्या पाया पडण्याची आपली रीत आहे. ती रीत दारात चपलांबरोबर काढून ठेवायची नसते.

६. घरची दहा दिवसांची परतवारी

पालखी पौर्णिमेपासून वद्य दशमीपर्यंत चालते. आपण गाडीने घरी आलो तरी हे दहा दिवस आपलीही परतवारी चालू आहे असे धरावे. माउली वाटेत आहेत आणि आपण घरी राहून त्यांच्याबरोबर चालतो आहोत. त्याचा नेम असा:

पहिले, शरीर. चालून पायांना फोड आलेले असतात, टाचा फुटलेल्या असतात. असे पाय घेऊन लगेच रोवणीच्या चिखलात उतरले की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, जखमा चिघळतात. शक्य असेल तर दोन-तीन दिवस बांधावरची कामे करावी, रोज पाय कोमट पाण्याने धुऊन कोरडे करावे, रात्री तेल लावावे. मधुमेह असलेल्याने लहानसा फोडही आरोग्य केंद्रात दाखवावा. वाटेवर रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालल्याने भूक वाढलेली असते. चालणे थांबले तरी भूक काही दिवस तशीच राहते. ताट थोडेथोडे उतरवावे. आणि दिवसभर लोळून राहू नये. चाललेल्या देहाला एकदम बसवले की तो जड होतो आणि मनालाही जड करतो.

दुसरे, पहाट. दिंडीत पहाटे उठायची सवय लागते. ती ठेवावी, पण मोहर्लीसारख्या गावी काळोखात एकट्याने रानाच्या वाटेने भजन म्हणत फिरायला निघू नये. वाटेवर हजारोंची सोबत होती, येथे नाही. पहाट घरात किंवा देवळात काढावी, हरिपाठ म्हणावा, आणि वावरात जायचे ते उजाडल्यावर, दोघा-चौघांनी मिळून, बोलत. जीव सांभाळणे हाही धर्मच आहे. तो आपल्या एकट्याचा नसतो.

तिसरे, समाजआरती. माउलींच्या तळावर संध्याकाळी सगळ्या दिंड्या जमतात. चोपदार दंड उंच करतो आणि एवढा समाज क्षणात शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती आपले टाळ वाजवत राहते. तिचे ऐकून घेतले जाते. हरवले-सापडले ते पुकारले जाते. मग आरती. पहा, काय सुंदर व्यवस्था आहे! गाऱ्हाणे आधी, आरती मागून. हीच रीत घरात आणावी. रोज दिवेलागणीला पाच मिनिटे सगळ्यांनी बसावे. ज्याचे काही म्हणणे असेल त्याने म्हणावे, बाकीच्यांनी गप्प राहावे. सुनेचे म्हणणे, म्हाताऱ्याचे म्हणणे, शाळेतल्या पोराचे म्हणणे. मग देवापुढे उदबत्ती. दहा दिवस हे केले तर अकराव्या दिवशी ते सुटणे कठीण.

चौथे, हात. ज्याच्यावर काम कोसळले आहे त्याने दिंडीसारखे एका दिवसाचा एकच मुक्काम ठरवावा: आज ही बांधी, उद्या ती. सगळी शेती डोळ्यांपुढे आणून हाय खाऊ नये. ज्याला रिकामपण आहे त्याने शेजाऱ्याच्या रोवणीला जावे. गाडीचा चालक चार दिवस चिखलात उभा राहिला तर त्याची पत कमी होत नाही. वाटेवर कोणा अनोळखी माणसाने आपले पाय चेपले होते, पाणी पाजले होते, ओसरीवर जागा दिली होती. त्याला ते फेडता येत नाही. ते असेच दुसऱ्याकडे फेडायचे असते.

७. संतांचे परतणे

या विषयात संतांचे आचरण काय सांगते? नामदेवरायांनी ज्ञानदेवांबरोबर तीर्थयात्रा केली. तीर्थावळीच्या अभंगांत ती कथा आहे, आणि परतल्यावर पंढरीत मावंदे झाल्याचीही कथा आहे. मावंदे म्हणजे यात्रा करून आलेल्याने घातलेले जेवण. रीत पाहिली तर अर्थ कळतो: यात्रेचे पुण्य एकट्याने मुरवायचे नसते, घरी येऊन पंगतीत वाटायचे असते.

अरणचे सावता महाराज मळ्यातच राहिले आणि मळ्यातच त्यांना देव भेटला, अशी परंपरा आहे. त्यांची पुण्यतिथी आषाढ वद्य चतुर्दशी. या उत्सवाला पंढरपुराहून पांडुरंगाची पालखी अरणला जाते. एकादशीला आपण देवाकडे गेलो. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच देव शेतकऱ्याच्या मळ्याकडे निघतो. रोवणीच्या चिखलात उभ्या असलेल्या वारकऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

आपल्या विदर्भातलीच दोन उदाहरणे. विनोबाजी १९५१ साली वर्ध्याजवळच्या पवनारहून पायी निघाले. त्याच वर्षी १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदानाचा आरंभ झाला. तेरा वर्षे देश पायांखाली घालून ते १९६४ साली पवनारला परतले. धाम नदीच्या काठचा तोच आश्रम, त्याच दगडगोट्यांची ती जागा. पुढे १९८२ साली त्यांनी तेथेच देह ठेवला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी तरुणपणी चिमूरकडच्या रानांत एकांत सेवला. पण त्यांची ग्रामगीता, जी १९५५ साली प्रसिद्ध झाली, ती उघडून पाहा. तिच्यात खेडे आहे, शेती आहे, सफाई आहे, गावचे भांडण आहे. रानातून निघालेली वाट शेवटी गावात आली.

८. मंडळात विचारावयाचे प्रश्न

हा पाठ आषाढ वद्य एकादशीला भजनी मंडळात वाचावा. त्या दिवशी देहूच्या पालखीची परतवारी पुरी होते, तशी आपलीही व्हावी. वाचून झाल्यावर पुढील प्रश्न एकेकाने स्वतःला विचारावे:

१. मी वारीला गेलो तेव्हा माझे काम कोणी केले? त्यांना मी तसे तोंडाने म्हटले काय?

२. दिंडीत मी जे सोसले, उशिरा आलेले जेवण, ओली जागा, दुसऱ्याचा धक्का, ते घरात सोसतो काय?

३. परतल्यापासून दहा दिवसांत हरिपाठ किती दिवस झाला आणि किती दिवस राहिला?

४. मंडळातल्या कोणाची रोवणी अजून अडली आहे?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की बैठक तेथेच संपवू नये. उद्या सकाळी कोणी कोणी जायचे ते ठरवूनच उठावे. प्रत्येकाने वारीतून आणलेला एक नेम, एकच, सर्वांसमक्ष सांगावा. मोठा नको. रोजची पाच मिनिटांची समाजआरती पुरे, घरच्यांना 'अरे-तुरे' ऐवजी मानाने हाक मारणे पुरे, संध्याकाळचा एक पेला सोडणेही पुरे. कार्तिकी एकादशीला पुन्हा जमावे आणि त्या नेमाचा हिशेब द्यावा. तोवर धान लोंबीवर आलेले असेल, मोहर्लीचे दारही पर्यटकांना उघडले असेल, आणि पुढच्या आषाढीला घरातून आता कोणी जायचे, यंदा घर कोणी राखायचे, हेही त्याच बैठकीत बोलून घ्यावे. ज्या बाईने यंदा धुरा सांभाळला तिचे नाव त्यात पहिले असावे.

रामकृष्णहरि.